वर्षभर गाणं बंद

१ जानेवारी १९५९. बॉबलिंगेन.
नवीन वर्ष, नवीन वही. ही वही फक्त माझ्यासाठी. पुढे कोणी माझं चरित्र लिहायला घेतलं तर गोष्ट वेगळी.
संकल्प. एक, रोज पहाटे पाचला रियाझ. दोन, अर्ध्या तासाची स्वतंत्र रचना पूर्ण करणे. स्टुटगार्टच्या रेडिओवरचे डॉक्टर केसलर भारतीय विद्यार्थ्यांच्या संमेलनात भेटले होते. म्हणाले, काही नवं करा, आम्ही ध्वनिमुद्रण करू. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. तीन, ती रचना रेडिओवर लागली की अण्णांना कळवणे. साध्या पोस्टकार्डावर, हवापाण्याच्या मजकुरात, जाता जाता.
चरित्रकारासाठी: अण्णा म्हणजे माझे वडील. सांगलीत मुलींच्या शाळेत गायनशिक्षक. आयुष्यभर एकच भूप शिकवला. माझ्या गाण्याबद्दल त्यांचं आजवरचं मत एकूण तीन शब्दांचं आहे: घाई करू नकोस.
रचनेचं नाव ठरलं. 'सिंधू-ऱ्हाइन संगम'. स्नेहलता म्हणाली, सांगलीला कृष्णा आहे आणि इथे नेकार. सिंधू आणि ऱ्हाइन आपण दोघांनीही पाहिलेल्या नाहीत. मी म्हटलं, 'कृष्णा-नेकार' हे खाणावळीचं नाव वाटतं.
चरित्रकारासाठी: स्नेहलता माझी पत्नी. स्टुटगार्टला रसायनशास्त्रात डॉक्टरेट करते. लहानपणी अण्णांच्या वर्गात होती. मी युरोपीय संगीताच्या अभ्यासासाठी इथे आलो. तीही आली.

२ जानेवारी.
पाचला उठणार होतो. उठता उठता आठवलं की हाउसऑर्डनुंगप्रमाणे, म्हणजे घराच्या नियमावलीप्रमाणे, सातच्या आत घरात आवाज करायचा नाही. सातनंतर उठलो. सातनंतर पहाटेचे राग गाता येत नाहीत. दुपारी एक ते तीन पुन्हा शांतता. या देशात गाण्यासाठी उरतं काय?
तरी साडेतीनला मुलतानीचा आलाप घेतला. खालून घरमालक हेर एबर्ले यांनी छताला झाडूचा दांडा मारला. म्हातारा सारखा खोकत असतो, पण कान चांगला. आलापाला सम नसते. असती तर दांडा बरोबर तिथेच पडला होता.
तानपुरा अजून गवसणीतच. मिरजेच्या भोपळ्याला इथली हिटिंग सोसायची नाही. आधी हवेला सरावू दे. येऊन सव्वा वर्ष झालं, आता फार दिवस लागणार नाहीत.

१९ जानेवारी.
रचनेला सुरुवात. संगीताचा कागद आणला. पेन्सिली आणल्या. पेन्सिलींना टोकं केली.

१० फेब्रुवारी.
हेर एबर्ले काल वारले. माझा या घरातला एकमेव नियमित श्रोता.
फ्राउ एबर्ले नखशिखांत काळ्यात. म्हणाल्या, आता वर्षभर ट्राउअरयार, दुखवट्याचं वर्ष, घरात संगीत नाही, आमचा रेडिओसुद्धा बंद, तुम्ही समजून घ्याल ना, हेर बापट? मी समजून घेतल्यासारखं केलं. वर येऊन स्नेहलताला म्हटलं, एक वर्ष! विसाव्या शतकात! आपल्याकडे सुधारकांनी असल्या गोष्टी केव्हाच मोडीत काढल्या. आता माझ्या रचनेचं काय? स्नेहलता म्हणाली, कुठली रचना?
आठवा महिना आहे. चिडचिड होणारच.

१८ फेब्रुवारी.
तार आली. अण्णा काल गेले.
तारेत स्पेलिंगच्या तीन चुका. पोस्टमनला दाखवल्या. तो म्हणाला, हो, लांबून येते.
मी स्थिर आहे. बोटीने पोचेपर्यंत महिना जाईल, तेव्हा जाण्यात अर्थ नाही. तेरावं वगैरे थोरले भाऊ, दादा, करतीलच. मी असल्या गोष्टी मानत नाही, हे स्नेहलताला स्पष्ट सांगितलं. तिथी, सुतक, काही नको. ती रडत होती. अवघडलेल्या बाईने रडू नये असंही सांगितलं. रात्री जेवलो. डाळ खारट होती.

२२ फेब्रुवारी.
फ्राउ एबर्ले जिन्यात भेटल्या. स्नेहलताने त्यांना सांगितलं असणार. त्यांनी माझ्या दंडाला एक काळी फीत बांधली आणि पाठीवर जोराने थोपटलं. बाईंचा हात जड आहे. डोळ्यांत पाणी आलं ते त्यामुळे.
मग विचार केला. दुखवट्याचं वर्ष ही कल्पना वाईट नाही. कर्मकांड म्हणून नव्हे. मौन म्हणून. अण्णांसाठी मी वर्षभर गाणार नाही. थेट सतरा फेब्रुवारी १९६० पर्यंत. वर्षभर रचना आतल्या आत पिकू द्यायची आणि मौन सुटलं की एकदम रेडिओवर.
स्नेहलता म्हणाली, अहो, गात तर तुम्ही आधीही नव्हतात.
तिला मौनाचा आणि न गाण्याचा फरक समजावून सांगितला. ती पूर्ण वेळ बीन्स निवडत होती.
केसलरना पत्र टाकलं.

३ मार्च.
केसलरांचं उत्तर. अत्यंत आदर वाटला, म्हणतात. वर्ष संपताना भेटू. पूर्वेकडे लोक अजून शोक करणं विसरले नाहीत, असंही लिहिलं आहे.
या गृहस्थांना कळतं.

३ एप्रिल.
काल मुलगी झाली. दोघी ठीक.
इथे बापाला मूल काचेतून दाखवतात. काचेपाशी उभा राहून तिचं रडणं लक्ष देऊन ऐकलं. पांढरी सहा. पक्का, ठाम सूर. घराण्याचं रक्त. नर्सला तसं सांगितलं. नर्स म्हणाली, रडतोय तो म्युलरांचा मुलगा, तुमची झोपली आहे.
झोपेतही चेहऱ्यावर एक प्रकारची लय होती.

७ एप्रिल.
नावाची इथे घाई असते. माझ्या मनात हंसध्वनी, मारवा, जोगकंस अशी नावं होती. स्नेहलता म्हणाली, पोरीला जोगकंस? शाळेत हाक कशी मारतील, कंस? मी एक दिवस मागून घेतला. परत गेलो तोवर तिने शुभा लिहून दिलं होतं.
एकमताने शुभा.
अण्णांना कळवायला पोस्टकार्ड घेतलं. पत्ता अर्धा लिहून झाल्यावर लक्षात आलं. कार्ड फाडलं नाही. आईला, अक्कालाच, पाठवलं, म्हणजे वाया जायला नको.

१४ जून.
स्नेहलता पुन्हा प्रयोगशाळेत जाऊ लागली. सकाळच्या गाडीने स्टुटगार्ट, संध्याकाळच्या गाडीने परत. दिवसभर मी रचनेवर काम करतो. शुभा घरात असते.

१५ जून.
शुभा जागी होती.

१६ जून.
शुभा जागी होती.

२९ जून.
या आठवड्यात आमची केअरवोखे. दारावर पाटी लटकते. पाटी ज्याच्या दारावर त्याने आठवडाभर जिना आणि फुटपाथ झाडायचा. या स्वाबिया प्रांतात यातून सुटका नाही. शुभाला पाठीशी लुगड्यात बांधून झाडलं. मध्य लयीत सुरुवात, तळमजल्यावर द्रुत. फ्राउ एबर्ले खाली उभ्या राहून पाहत होत्या. म्हणाल्या, लय चांगली आहे हेर बापट, पण कोपरे राहिले.
दुपारी बाबागाडी घेऊन बाजारचौकात. बायका वळून पाहत होत्या. खाटकाने विचारलं, बायको आजारी आहे का? मी म्हटलं, मी चर्चच्या घंटांचा अभ्यास करतोय. तो म्हणाला, आणि हे बाळ? मी म्हटलं, तेही.

१९ जुलै.
स्नेहलताच्या विभागात नवा विद्यार्थी आला आहे, श्यामकांत, कोल्हापूरचा. अक्काने त्याच्याबरोबर पार्सल धाडलं होतं. मेतकूट, गोडा मसाला, उडदाची डाळ. मी म्हटलं, आजच वडे कर. स्नेहलताने डाळ कपाटात वर ठेवून दिली. म्हणाली, ही लागेल पुढे. कशाला ते सांगेना.
पोरगा उत्साही. कोपऱ्यात तानपुरा पाहून उठला आणि सरळ गवसणीच्या गाठीला हात घातला. मी ओरडलो. जरा मोठ्याने. शुभा उठली, खालून दांडा वाजला. हेर एबर्लेंचा झाडू आता फ्राउ एबर्ले चालवतात.
नंतर स्नेहलता त्याला स्वयंपाकघरात हळूच सांगत होती: तो अण्णांनी लावून दिलाय, बोटीवर चढताना. तसाच आहे.
हे खरं नाही. म्हणजे खरं आहे, पण कारण ते नाही. कारण हवा.
झालं होतं ते असं. मुंबई बंदरावर अण्णा आमच्या ट्रंकेवर बसले, तानपुरा मांडीवर घेतला. प्रवासात तारा सैल सोडायच्या असतात हे त्यांना माहीत होतं. तरी लावला. घोडीवर प्रत्येक तारेखाली सुताचा एक तुकडा सरकवावा लागतो, त्याशिवाय तार गुंजत नाही. सूत नव्हतं. त्यांनी स्वतःच्या उपरण्याच्या काठातून दोरे ओढले, दाताने तोडले आणि चारही तारांखाली बसवले. हमाल, कस्टमवाले, सगळे थांबून बघत होते. मला लाज वाटत होती. म्हणाले, उतरलास की लगेच वाजव, म्हणजे गाव परकं वाटणार नाही.
उतरल्यावर सामान फार होतं.

२३ ऑगस्ट.
रचनेत मोठी प्रगती. मुखपृष्ठ पूर्ण. 'सिंधू-ऱ्हाइन संगम', खाली माझं नाव, देवनागरी आणि जर्मन दोन्हीत. दुसऱ्या पानावर 'अण्णांना' असं लिहिलं. भावुक वाटलं. खोडलं. खोडल्याने पान खराब झालं म्हणून मुखपृष्ठही पुन्हा करावं लागलं. महिना त्यात गेला.

२७ सप्टेंबर.
शुभा संध्याकाळी तासभर रडते. माझं मौन असल्यामुळे मला अंगाई गाता येत नाही. तिच्यासमोर रागांची नावं नुसती उच्चारून पाहिली. 'मालकंस'ला जास्त रडते.
मग स्नेहलता येते, चपला काढता काढता अण्णांचा भूप सुरू करते. तोच, शाळेतला पहिला धडा, सा रे ग, ग रे सा. ताल जागोजाग सुटतो. दुसऱ्या ओळीला शुभा झोपते.
मी हरकत घेतली. घरात दुखवटा आहे. ती म्हणाली, मौन तुमचं आहे, माझं नाही. मी म्हटलं, आणि पोर झोपते ती दिवसभर माझ्याबरोबर दमल्यामुळे. ती म्हणाली, मी पण.
अण्णा तिला म्हणायचे, पोरी, तुझा सूर खरा आहे, तालाचं बघू नंतर. मला असं कधी म्हणाले नाहीत. मला तालाची अडचण कधीच नव्हती.

१८ ऑक्टोबर.
फ्राउ एबर्ले संध्याकाळी जिन्यात बसलेल्या सापडल्या. म्हटलं, पडलात का? तर म्हणे, नाही, तुमची फ्राउ गाते ते ऐकते, रोज ऐकते. मी त्यांना दुखवट्याची आठवण करून दिली. त्या म्हणाल्या, आल्झो, हेर बापट, बाळाला झोपवणं हे संगीतात मोडत नाही.
हा नियम त्यांनी आत्ताच केला, अशी माझी खात्री आहे.

२५ डिसेंबर.
खाली झाड नाही, मेणबत्त्या नाहीत. फ्राउ एबर्लेंचं वर्ष पुरं व्हायचंय. आम्ही तिघं त्यांच्याकडे बसून आलो. त्यांनी नवऱ्याच्या खुर्चीवर कोणालाच बसू दिलं नाही, पण शुभाला ठेवलं. शुभाने खुर्ची ओली केली. बाई हसल्या. वर्षात पहिल्यांदा.
शुभा आता रांगते. वाटेत येईल ते तोंडात घालते. पेन्सिलींची टोकं गेली.

१ जानेवारी १९६०.
गेल्या वर्षीचे संकल्प तपासले. पहिला मौनामुळे आपोआप रद्द. दुसरा मार्गावर: रचनेचा पहिला स्वर निश्चित झाला आहे. सा. तिसरा संकल्प आता लागू नाही.

२१ जानेवारी.
खालच्या फोनवर केसलर. बातमी चांगलीही आणि वाईटही. त्यांची मार्चमध्ये हांबुर्गला बदली होते आहे. स्टुडिओ फक्त अकरा फेब्रुवारीला मोकळा, दुपारी. नंतर त्यांच्या हातात काही राहणार नाही. याल ना?
मी घसा खाकरून सांगितलं, हेर डॉक्टर, माझं वर्ष सतराला संपतं. सहा दिवसांसाठी मला वडिलांसाठी धरलेलं मौन मोडता येणार नाही. ते म्हणाले, तुमच्यापुढे लहान वाटतं. तारीख मी धरून ठेवतो, मन बदललं तर फोन करा.
रचना तयारच आहे, फक्त उतरवायची आहे. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. फोन ठेवल्यावर अंग एकदम हलकं झालं.
स्नेहलताला सांगितलं. तिने विचारलं, वर्ष कधी संपतं म्हणालात? सतराला. नक्की? मी म्हटलं, तार आहे माझ्याकडे. ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. म्हणाली, तुम्हीच म्हणाला होतात तिथी-बिथी काही नको, मग मी कशाला बोलू?
बायका कुठली गोष्ट कुठे नेतील सांगता येत नाही.

७ फेब्रुवारी, रविवार.
आज अचानक वडे! ती उडदाची डाळ शेवटी निघाली. शिवाय खीर. काही निमित्त नाही. मला वाटतं रेडिओबद्दल टोचून बोलली त्याचं वाईट वाटलं असावं. न बोलता क्षमा मागण्याची ही तिची रीत. मी मोठ्या मनाने पाच वडे खाल्ले.
एक पान वाढून तिने बाल्कनीत ठेवलं. म्हटलं, हे काय? म्हणाली, गार व्हायला. एक काळा पक्षी आला आणि वडा घेऊन गेला. मी हाकलायला उठलो तर माझ्यावर खेकसली. मग आत जाऊन डोळे पुसत होती. तळणाचा धूर.

९ फेब्रुवारी.
फ्राउ एबर्लेंचं वर्ष आज संपलं. सकाळी आठला त्या निळा ब्लाउज घालून जिन्यात. केक केला होता. रेडिओ लावला, इतका मोठा की आमच्या कपबशा वाजायला लागल्या. मी दांडा मारावा का असा विचार आला. दांडा खालीच असतो.
विचारलं, तुमचं कधी? म्हटलं, सतराला. म्हणाल्या, धीर धरा. मी मान खाली घातली. काळी फीत दंडावर घट्ट होते आहे. वर्षभरात दंड भरला.

१० फेब्रुवारी.
जेवताना स्नेहलता म्हणाली, केसलरना अजून फोन करता येईल, उद्या दुपारपर्यंत वेळ आहे. मी म्हटलं, सतरा तारीख... तिने पळी खाली ठेवली. म्हणाली, अहो, अण्णा माघ शुद्ध दशमीला गेले. दशमी रविवारी झाली. वर्षश्राद्ध तिथीने असतं, तारखेने नाही, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. सांगलीला दादांनी केलं, मी इथे पान वाढलं. तुमचं वर्ष फ्राउ एबर्लेंच्याही आधी संपलंय.
मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस?
म्हणाली, सांगायचं नाही असं तुम्हीच सांगितलंत. शिवाय मला वाटलं, कळलं असेल. पाच वडे खाल्लेत.
मी म्हटलं, मला वाटलं तू क्षमा मागते आहेस.
कशाची? म्हणाली.
शुभा चमचा आपटत होती, लयीत. शेवटी स्नेहलता हळू म्हणाली, वर्षभर तुम्ही खरंच दुखवटा पाळलात, मी काही आंधळी नाही. पण आता संपला. उद्या गाता का नाही एवढंच सांगा. नाहीतर मी फोन करून नाही म्हणते, तुम्हाला खाली जायला नको.
मी तिलाच खाली पाठवलं, येतो म्हणून सांगायला. स्वाभिमानाने.
रात्री गवसणीची गाठ सोडून ठेवली. फक्त सोडून ठेवली.

१२ फेब्रुवारी.
कालचं लिहितो.
सकाळी दाढी करत होतो. विचार चालू होता की 'सिंधू-ऱ्हाइन संगम'मध्ये सा नंतर काय. मागे एक तार वाजली. वर्षानुवर्षं न वाजलेली तार वाजते तशी, बद्द. वळलो. तानपुरा आडवा, गवसणी खाली घसरलेली, शुभा घोडीपाशी. तिच्या तोंडात काहीतरी. बोट घालून काढायला गेलो, तिने गिळलं. घोडीवर तीनच दोरे.
नक्की काय काय ओरडलो आठवत नाही. तिच्या जिवासाठी ओरडलो असंच सगळ्यांना वाटलं. ते तसंच राहू द्यावं.
फ्राउ एबर्ले पुढे, मी मागे, साबण गालावर, डॉक्टरकडे. त्यांनी पोरीचं पोट दाबलं, घसा पाहिला. काय गिळलं? मी म्हटलं, माझ्या वडिलांचा... आणि पुढचा जर्मन शब्द सुचेना. फ्राउ एबर्ले म्हणाल्या, दोरा. डॉक्टर म्हणाले, किती? मी बोटाने दाखवला. म्हणाले, दोन दिवसांत खालून येईल, घरी जा, तोंड धुवा.
घरी आल्यावर जाहीर केलं: ध्वनिमुद्रण रद्द. एका तारेला दोरा नाही. स्नेहलता म्हणाली, दुसरा लावा. मी म्हटलं, दुसरा? तो अण्णांनी लावलेला होता. ती म्हणाली, तो उपरण्याचा दोरा होता हो. अण्णा नव्हते.
तेवढ्यात फ्राउ एबर्ले शिवणाची पेटी घेऊन आल्या. काळ्या दोऱ्याचं अख्खं रीळ माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, घ्या, मला आता काळा लागणार नाही.
दोरा दाताने तोडला. तारेखाली सरकवला. मग खुंटीला हात लावला. लावावाच लागला, कारण चारही तारा कुठल्याकुठे उतरल्या होत्या. अण्णांनी लावलेला सूर त्यांत नव्हताच. बहुधा जिनोव्हाला उतरलो तेव्हाही नव्हता. मी गवसणी सोडली नाही म्हणून आहे असं वाटत होतं.
लावायला तास गेला. अर्धा तास खुंट्या घसरण्यात.
गाडीने स्टुटगार्ट. मी, तानपुरा, स्नेहलता, शुभा आणि निळा ब्लाउज. बाई येणारच म्हणाल्या. स्टुडिओत केसलरांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. आम्ही बसलो. मी तानपुरा छेडला. काचेमागून खूण झाली.
मी सा लावला.
चांगला लागला. पुढचा स्वर ठरलेला नसल्यामुळे बराच वेळ लावून धरला. दम संपला. परत लावला. तिसऱ्यांदा लावायला गेलो तेव्हा स्वर निघालाच नाही. बंदर आठवलं, ट्रंक, दाताने तोडलेला दोरा. शुभाने भोकाड पसरलं. स्नेहलताने तिला मांडीवर घेतलं आणि सवयीने भूप सुरू केला. मी तारा छेडत राहिलो. हात थांबत नव्हता, दुसरं काही कारण नाही. ताल नेहमीच्या जागी सुटला. शुभा नेहमीच्या जागी झोपली. तरी स्नेहलता थांबली नाही, धडा पूर्ण म्हटला, शाळेत उभं राहून म्हणतात तसा.
मग दिसलं की काचेमागचा लाल दिवा चालूच होता.
केसलर आत आले तेव्हा कुजबुजत होते. म्हणाले, फार प्राचीन वाटतं. मी म्हटलं, इयत्ता पाचवी. ते म्हणाले, गेनाऊ, हेच हवं होतं. रेडिओवर लावायचं ठरलं आहे, मार्चच्या पहिल्या आठवड्यात. निवेदन त्यांनी वाचून दाखवलं. गायन: फ्राउ स्नेहलता बापट. साथीला तंतुवाद्य, त्यांचे पती.
तानपुऱ्याला इथे नाव नाही. मलाही नाही. तरी चौथ्या तारेचा काळा दोरा चांगला बसला होता. ती तार बाकी तिघींपेक्षा जास्त गुंजत होती, हे कोणी लिहिणार नाही म्हणून इथे लिहून ठेवतो.

१३ फेब्रुवारी. दुपार.
आला.
स्नेहलताने लंगोटातून चिमट्याने उचलला, प्रयोगशाळेत उचलतात तसा. धुतला, उकळला, हिटरवर वाळत घातला. म्हणाली, हा घ्या तुमचा वारसा, आता काय करायचं ते तुम्ही ठरवा.
आधी काळा काढून तो परत तारेखाली लावून पाहिला. तार बोलेना. फुगला होता, मऊ पडला होता. काळा परत लावला. जवारी, म्हणजे तारेची गुंज, लगेच खुलली. पुन्हा उलटसुलट करून पाहिलं. काळ्यानेच खुलते.
अक्काला कार्ड लिहावं असं ठरवलं. हवापाणी, शुभाचे दात, आणि जाता जाता की मार्चमध्ये अण्णांचा भूप जर्मन रेडिओवर लागतोय, सूनबाई गायली, सूर खरा, ताल तसाच. दोराही सोबत पाठवावा म्हणून हिटरवर ठेवला आणि कार्ड सोडून पाकीट शोधायला वळलो.
शुभाने तो परत गिळला.
या वेळी कोणीच डॉक्टरकडे गेलं नाही. पोरगी माझ्याकडे बघून हसली, दोन दात. मीही हसलो. मग ते हसणं कुठेतरी फिरलं आणि थांबेना. वर्षभराचं होतं. स्नेहलताने शुभाला उचललं आणि बाहेर जाऊन दार हळूच ओढून घेतलं. दीड वाजला होता. एक ते तीन या घरात आवाज करायचा नाही. मी खूप केला.
खालून दांडा वाजला नाही.